प्रभात फिल्म कंपनी आणि वऱ्हाड

प्रभात फिल्म कंपनी : मूकपटाच्या अखेरच्या पर्वात स्थापन झालेली आणि बोलपटाच्या पहिल्या दोन दशकांत मराठी चित्रपटाला अखिल भारतीय मान्यता मिळवून देणारी चित्रपटसंस्था. स्थापना कोल्हापूर येथे १ जून १९२९, पुणे येथे स्थलांतर १९३३, विसर्जन १९५३. संस्थेचे सर्व निर्मितिकार्य कोल्हापूर व पुणे या दोन शहरांत झाले आणि तिचे संस्थापक कोल्हापूरच्या कलाजगतात घडलेले होते. तथापि तिच्या भरभराटीच्या आणि उत्तरकाळातील संगीत, कथालेखन, दिग्दर्शन व अभिनय यांचा विचार करताना अमरावतीत जन्मलेल्या तीन व्यक्तींना वगळून पुढे जाता येत नाही : केशवराव भोळे, विश्राम बेडेकर व गजानन जागीरदार. शिवाय अमरावती–अकोला हा कापसाच्या व्यापाराचा टापू चित्रपट-वितरणाच्या ज्या विभागात मोडत होता, त्या विभागाचा इतिहास पाहिला म्हणजे मराठी चित्रपटसंस्थेला द्विभाषिक निर्मिती का करावी लागली, यावरही काही प्रकाश पडतो.

प्रभातची मुळे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आहेत. सैरंध्री (१९२०), सावकारी पाश (१९२५) यांसारखे मूकपट निर्माण करणाऱ्या या कोल्हापूरच्या संस्थेत चित्रकार, सुतार, यंत्रज्ञ व नट हे सर्व एकाच कारखान्यातील कारागिरांप्रमाणे राबत. एकाच माणसाने पडदा रंगवावा, कॅमेरा दुरुस्त करावा आणि वेळ पडल्यास दाढीमिशा लावून भूमिकाही करावी, अशी ती शाळा होती. तिच्यातून बाहेर पडलेल्या चौघांनी, म्हणजे शांताराम राजाराम वणकुद्रे (व्ही. शांताराम, १९०१–९०), विष्णुपंत गोविंद दामले (१८९२–१९४५), शेख फत्तेलाल व केशवराव धायबर यांनी, सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने व भागीदारीने नवी संस्था काढली. कामाची वाटणी स्वभावतःच झाली. शांताराम यांच्याकडे दिग्दर्शन, दामले यांच्याकडे यंत्रविभाग व पुढे ध्वनिलेखन, फत्तेलाल यांच्याकडे कलानिर्देशन, धायबर यांच्याकडे छायालेखन आणि कुलकर्णी यांच्याकडे पैशाचा व्यवहार अशी ती विभागणी होती. तुतारी फुंकणारी स्त्री हे संस्थेचे बोधचिन्ह पुढे इतके परिचित झाले की, ते पडद्यावर दिसताच प्रेक्षागृह शांत होई.

गोपालकृष्ण (१९२९) पासून सहा मूकपट काढल्यावर संस्थेपुढे बोलपटाचा प्रश्न उभा राहिला. १४ मार्च १९३१ रोजी आलम आरा प्रदर्शित झाला होता व मूकपटाचे दिवस संपले होते. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला अयोध्येचा राजा (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट होय. त्यात गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या प्रमुख भूमिका होत्या आणि त्याची हिंदी आवृत्तीही त्याच वेळी तयार झाली. अग्निकंकण, माया मच्छिंद्र (दोन्ही १९३२) व सिंहगड (१९३३) यांनी संस्थेची घडी बसली. सैरंध्री (१९३३) रंगीत करण्याचा प्रयोग मात्र फसला. त्यासाठी शांताराम स्वतः जर्मनीस गेले, पण तेथे तयार झालेल्या प्रती समाधानकारक उतरल्या नाहीत. या प्रवासाचा खरा लाभ वेगळाच झाला. जर्मन स्टुडिओंतील प्रकाशयोजना व दूरस्थ भिंगाचा उपयोग त्यांनी पाहिला आणि तो पुढच्याच चित्रपटात वापरला.

१९३३ मध्ये संस्था पुण्याच्या एरंडवणे भागात आली. येथील कलागृह, ध्वनिलेखन-कक्ष, रसायनशाळा, संकलन-विभाग, वेशभूषा व नेपथ्याची कोठारे ही सर्व एकाच आवारात होती. नट, गायक, लेखक व कामगार मासिक वेतनावर होते. या व्यवस्थेमुळे प्रभातची तुलना नेहमी अमेरिकेतील हॉलिवुडच्या बड्या संस्थांशी केली जाते. ती तुलना अर्धीच खरी आहे. पॅरामाउंट, मेट्रो-गोल्डविन-मेयर, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्स व आर्केओ या पाच संस्थांचे सामर्थ्य त्यांच्या कलागृहांत नव्हते, तर चित्रपटगृहांच्या साखळ्यांत होते. जो चित्रपट त्या काढीत, तो त्या स्वतःच वितरित करीत व स्वतःच्या चित्रपटगृहांत दाखवीत. त्यामुळे एखादा चित्रपट पडला, तरी वर्षाचा ताळेबंद सावरे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरविली, तेव्हापासूनच त्या व्यवस्थेचा ऱ्हास सुरू झाला. प्रभातपाशी उत्तम कारखाना होता, पण अशी साखळी कधीच नव्हती. पुण्यातील किबे लक्ष्मी थिएटर (१९३४) संस्थेने भाडेपट्ट्याने घेतले व ते ‘प्रभात’ या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईतील वितरण बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्सकडे होते. उर्वरित देशात मात्र प्रभातचा चित्रपट स्थानिक वितरक व चित्रपटगृहमालक यांच्यामार्फतच प्रेक्षकांपर्यंत पोचे.

वऱ्हाडचे स्थान येथे ध्यानात येते. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असलेला व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेलेला हा प्रदेश भाषेने मराठी, पण शासकीय दृष्ट्या नागपूर–जबलपूरच्या बाजूचा होता. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी देशाचे जे विभाग पाडले, ते प्रांतांच्या सीमांना धरून. त्यामुळे अमरावती व अकोला हे जिल्हे मुंबई विभागात न येता ‘सी. पी.–बेरार’ या विभागात गेले. त्यात हिंदी भाषिक मुलूख मोठा होता. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील भुसावळ आणि बडनेरा जंक्शनपासून फाट्याने जोडलेली अमरावती ही या विभागातील वितरणाची महत्त्वाची ठाणी बनली. अकोला तर त्या लोहमार्गावरच वसलेले होते. फिल्मचे डबे मालगाडीने वा प्रवासी गाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी जात. सरकी-रुईच्या व्यापारासाठी घातलेला मार्ग असा करमणुकीलाही उपयोगी पडला. प्रभातने बहुतेक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढले, त्यामागे केवळ उत्तर हिंदुस्थानचा मोह नव्हता. खुद्द मराठी मुलखाचा एक मोठा तुकडा हिंदी बाजारपेठेच्या हिशेबात होता, हेही त्याचे एक कारण मानले पाहिजे. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तरी चित्रपटव्यवसायाची ही जुनी सीमारेषा पुसली गेली नाही. राज्याचा नकाशा बदलणे हे वितरकाची वही बदलण्यापेक्षा सोपे असावे.

वऱ्हाडातून प्रभातला जी माणसे लाभली, त्यांची पार्श्वभूमी नाटकाची होती. कापसाच्या भरभराटीने पैसा खेळू लागलेल्या या भागातील मुक्काम नाटक मंडळ्यांना किफायतशीर वाटे. संगीत नाटकाला नवे वळण देणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे अकोला व पुढे खामगाव, जळगाव-जामोद येथे वकिली करीत आणि मंडळ्यांसाठी नाटके लिहीत. त्यांच्या वीरतनय (१८९६) या नाटकाने पारशी व उर्दू रंगभूमीवरील चालींना मराठी रंगमंचावर वाट करून दिली. अमरावतीचे देशभक्त नाटककार वीर वामनराव जोशी यांचे राक्षसी महत्त्वाकांक्षा (१९१३) ललितकलादर्शने, तर रणदुंदुभी (१९२७) बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. गाण्याची आवड, वक्तृत्वाचा सोस आणि राष्ट्रीय चळवळीचा आवेश या तिन्ही गोष्टी त्या पिढीतील अमरावतीच्या तरुणांना घरबसल्या मिळत होत्या.

केशवराव भोळे (जन्म अमरावती, १८९६) हे या तिघांपैकी प्रथम प्रभातमध्ये आले. ‘एकलव्य’ या टोपणनावाने संगीतसमीक्षा करणारे ते जाणते गायक होते. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाला त्यांनी संगीत दिले. त्यात मैफलीसारखी लांबणारी पदे टाळून प्रसंगाला धरून असणारी मोजकी भावगीते योजली होती. हेच तत्त्व त्यांनी चित्रपटात नेले. पुण्याच्या नव्या कलागृहातील पहिला चित्रपट अमृतमंथन (१९३४) हा त्यांच्या संगीताने सजला आहे. नरबळीच्या प्रथेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या राजाची ही कथा नारायण हरी आपटे यांची. राजगुरूच्या भूमिकेत हिंदीत चंद्रमोहन व मराठीत केशवराव दाते होते. पडदाभर व्यापणारा राजगुरूचा डोळा हा जर्मनीहून आणलेल्या भिंगाचा प्रताप होय.

भोळे यांच्या कामगिरीचा कळस संत तुकाराम (१९३६) या चित्रपटात दिसतो. दामले–फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला व शिवराम वाशीकर यांनी लिहिलेला हा चित्रपट १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात प्रदर्शित झाला आणि तेथे तो ५७ आठवडे चालला. व्हेनिस येथील १९३७ च्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकारामाच्या भूमिकेत होते. जिजाईचे काम केलेली गौरी ही कलागृहातील किरकोळ कामांतून पुढे आलेली बाई. मासिक वेतनाच्या पद्धतीचे समर्थन करण्यास हे एकच उदाहरण पुरे आहे. कोणताही स्वतंत्र निर्माता अशा अनोळखी बाईला ही भूमिका देण्यास धजला नसता. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले व भोळे यांनी चाल दिलेले एक पद अनेक श्रोत्यांना खुद्द तुकारामाचा अभंग वाटले. भजनाच्या वारकरी चालींना शास्त्रीय संगीताचे ओझे न देता त्यांनी जसेच्या तसे ठेवले, यात त्यांचा संयम आहे. पंढरीच्या वाटेवरील हे सूर वऱ्हाडातील दिंड्यांनाही परके नव्हते.

शांताराम यांच्या कुंकू (१९३७, हिंदीत दुनिया न माने) मध्ये भोळे यांनी याहून धाडसी गोष्ट केली. वृद्धाशी फसवून लग्न लावून दिलेल्या तरुणीच्या बंडाची ही कथा आहे. तीत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाचे ठोके, ग्रामोफोनचा आवाज, घरातल्या वस्तूंचे नाद यांवरच वातावरण उभे राहते. शांता आपटे यांनी त्यात लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही गायली आहे. संगीत-दिग्दर्शकाने वाद्यवृंद बाजूला ठेवण्यास संमती द्यावी, असे प्रसंग भारतीय चित्रपटात विरळाच आढळतात. माझा मुलगा (१९३८), संत ज्ञानेश्वर (१९४०) व संत सखू (१९४१) या चित्रपटांनाही भोळे यांचे संगीत आहे. धर्मात्मा (१९३५), माणूस (१९३९) इ. चित्रपटांचे संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते व लोकप्रियतेच्या मापाने ते भोळ्यांच्या पुढे गेले असे म्हणता येईल. चित्रपटाच्या अंगाला बसणारे संगीत मात्र भोळ्यांचेच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विश्राम बेडेकर (१९०६–९८) व गजानन जागीरदार (१९०७–८८) हे दोघे अमरावतीचे समवयस्क. बेडेकर दीनानाथ मंगेशकर यांच्या बलवंत संस्थेमार्फत चित्रपटात आले. कृष्णार्जुन युद्ध (१९३४) या बोलपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. रणांगण (१९३९) या लहानशा कादंबरीने त्यांचे नाव मराठी साहित्यात कायमचे झाले. नाझी जर्मनीतून निघालेल्या ज्यू तरुणीची व एका भारतीय तरुणाची बोटीवरील ही कथा लिहिणाऱ्या लेखकाने प्रभातसाठी शेजारी (१९४१, हिंदीत पडोसी) ची कथा लिहावी, हे सुसंगतच आहे. एका खेड्यातील हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांची मैत्री धरणाच्या ठेकेदारीपायी तुटते आणि फुटत्या धरणावर दोघे एकत्र मरण पत्करतात, असे तिचे सूत्र आहे. मुस्लिम लीगने लाहोर येथे स्वतंत्र मुस्लिम राज्यांचा ठराव संमत केला मार्च १९४० मध्ये. चित्रपट त्यानंतर वर्षाच्या आत पडद्यावर आला. हिंदी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याचे काम मझहर खान यांनी व मुसलमान शेजारी मिर्झाचे काम जागीरदार यांनी केले. मराठीत जागीरदार यांच्यासमोर केशवराव दाते होते. भूमिकांची ही उलटापालट बोलून दाखविलेल्या कोणत्याही संदेशापेक्षा परिणामकारक ठरली. जागीरदारांचा मिर्झा उपदेश करीत नाही; बुद्धिबळाचा पट मांडून तो मित्राची वाट पाहतो.

शेजारी हा शांताराम यांचा प्रभातमधील अखेरचा चित्रपट. धायबर त्यापूर्वीच बाहेर पडले होते. भागीदारांतील व्यक्तिगत व व्यावसायिक मतभेद वाढून १९४२ मध्ये शांताराम यांनीही संस्था सोडली व मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले. बाबूराव पै भागीदार झाले. तशातच महायुद्धाने चित्रपटव्यवसायाचे रूपच पालटले. सरकारने चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली, १९४३ पासून कच्च्या फिल्मसाठी परवाना लागू लागला. दुसरीकडे युद्धातून कमावलेला बेहिशेबी पैसा घेऊन नवे निर्माते पुढे आले आणि नटनट्यांना एकेका चित्रपटासाठी भल्यामोठ्या रकमा देऊ लागले. वर्षानुवर्षे मासिक वेतनावर राहण्यात कोणाही यशस्वी नटाला स्वारस्य उरले नाही. प्रभातच्या आवारातील यंत्रे, रसायनशाळा व कुशल कामगार तेवढेच राहिले. त्यांचा खर्चही तेवढाच राहिला. ज्यांच्यासाठी ते होते, ती माणसे मात्र निघून गेली.

या काळातही संस्थेने रामशास्त्री (१९४४) हा मोठ्या तोलाचा चित्रपट दिला, त्याचे श्रेय बव्हंशी जागीरदारांचे आहे. नारायणराव पेशव्याच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका त्यांनी केली व दिग्दर्शनाची जबाबदारीही उचलली. या दिग्दर्शनाशी राजा नेने व बेडेकर यांचीही नावे निगडित आहेत. आनंदीबाईच्या भूमिकेत ललिता पवार होत्या. संगीतात भोळे यांचाही सहभाग होता. म्हणजे अमरावतीचे तिघेही या एका चित्रपटात एकत्र आलेले दिसतात. सत्तेला तिच्याच वाड्यात उभे राहून जाब विचारणाऱ्या न्यायाधीशाचे चित्र ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर दोनच वर्षांनी पडद्यावर येत होते. कथा ऐतिहासिक असली, तरी तिचा रोख प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

५ जुलै १९४५ रोजी दामले यांचे निधन झाले. त्या वर्षीचा लाखारानी हा चित्रपट बेडेकर यांनी दिग्दर्शित केला व त्यात गुरुदत्त नावाचा एक तरुण त्यांचा साहाय्यक होता. हम एक हैं (१९४६) मधून देव आनंद यांचे पडद्यावर आगमन झाले. पुढील पिढीच्या हिंदी चित्रपटाचे शिल्पकार अशा रीतीने मावळत्या प्रभातमध्ये उमेदवारी करीत होते. संत जनाबाई (१९४९) यासारखे काही चित्रपट निघाले. पण मागील वैभव परतले नाही. १९५३ मध्ये संस्था विसर्जित झाली व तिची मालमत्ता विकली गेली.

एरंडवण्याचे आवार भारत सरकारने घेऊन तेथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट (नंतरची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) सुरू केली. ज्या कलागृहात रामशास्त्री उभा राहिला, त्याच आवारात जागीरदार १९६१ मध्ये या संस्थेचे पहिले प्राचार्य म्हणून परतले. बेडेकर यांनी एक झाड आणि दोन पक्षी (१९८४) या आत्मचरित्रात आपले अमरावतीचे बालपण आणि चित्रपटसृष्टीतील दिवस यांचा लेखाजोखा मांडला. त्यास १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. विष्णुपंत दामले यांचे पुत्र अनंतराव दामले यांनी प्रभातच्या चित्रपटांचे हक्क परत मिळविले व त्यांच्या प्रती पुन्हा प्रदर्शनात आणल्या. पुण्यातच १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले व २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील या संग्रहालयाच्या कोठारास आग लागली. तीत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा व त्याबरोबर प्रभातच्या अनेक चित्रपटांची मूळ रिळे नष्ट झाली. आज उपलब्ध आहेत त्या त्यांवरून पूर्वी काढून ठेवलेल्या प्रती होत. पुण्यातील प्रभात चित्रपटगृहाचा भाडेपट्टा २०१४ च्या अखेरीस संपला व ती वास्तू किबे कुटुंबाकडे परत गेली.